लाल बस, काळं मडकं

ऑर्लँडो ईस्ट, सोवेटो
रविवार, १५ सप्टेंबर २०१९

थोकोझिले,

वर 'प्रिय' लिहिलं होतं ते खोडलंय. दुसरा कागद घ्यायचा आळस केला. खोडलेलं दिसत असेल तर दिसू दे.

आम्ही इकडे ठीक आहोत. तू तिकडे ठीक असशील, लीड्सला थंडी सुरू झाली असेल. फिलेमोनचा गुडघा तसाच आहे, पण मॅच असली की त्याच गुडघ्यावर उड्या मारतो. आमच्या लुंगिलेला टपाल कचेरीत कायम केलं. परसातलं पीचचं झाड फुललंय. वीज जाते-येते. झालं, खुशाली संपली.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर दोन मिनिटं झाली की तू म्हणतेस, "सिझा, आवाज तुटतोय गं." कागदावर काही तुटत नाही. शेजारच्या मा-झुंगूची नात तुमच्याच गावी शिकायला निघालीय, तिच्या हाती हे देतेय. तिला बजावलंय की ताईंनी वाचून संपवेपर्यंत दारातून हलायचं नाही. पोरगी भित्री आहे, पण मला जास्त भिते. माझी शाळा चौथीत सुटली. का सुटली ते तुला ठाऊक आहे, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तर ऐक. आमच्या इथल्या दुकानात सोडत होती. मी चिठ्ठी टाकली फ्रिजसाठी. फ्रिज लागला कोपऱ्यावरच्या त्या केस कापणाऱ्याला, ज्याच्याकडे आधीच एक आहे. मला काय लागलं? दोन जणांसाठी लाल बसमधून जोहान्सबर्गची सहल, आणि त्यालाच जोडून बिअरचं म्युझियम! ह्याच शहरात मी जन्मले, ह्याच शहरात परक्यांच्या फरशा पुसून गुडघे झिजवले, आणि आता मला ते बसच्या टपावरून दाखवणार. आणि वर बिअर. जन्मभर बिअर गाळून विकणाऱ्या मा-न्टुलीच्या, आपल्या आईच्या, मुलीला बिअर दाखवणार! दुकानदाराला म्हटलं, "ह्याच्याऐवजी इस्त्री दे." तो म्हणाला, "मावशी, बक्षीस बदलत नाही."

नवरा म्हणून आधी फिलेमोनला विचारलं. "फुकट बिअर कितीशी देतील? अर्धा ग्लास! आणि तेवढ्यासाठी दिवसभर तुझं तोंड ऐकायचं?" असं म्हणून तो मॅचला गेला.

म्हणून दुसऱ्या तिकिटावर आईला नेलं.

हो, आईला. आता खुर्चीत नीट बस आणि पुढे वाच.

तुला आठवते ती आई आता नाही. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, उजेड आणि सावली एवढंच दिसतं. पण बसमध्ये वरच बसायचं म्हणून हटून बसली. तो तिकीटवाला म्हणाला, "आजी, खाली बसा, वर वारा लागेल." आई म्हणाली, "वारा मला नवा नाही बाळा, तू नवा आहेस." मग मी मागून ढकलते, तो पुढून ओढतो, अशी ती चढली. घोंगडी गुंडाळून अगदी पुढच्या बाकावर बसली, राणीसारखी. शेजारी एक जर्मन जोडपं होतं, नवरा-बायको दोघंही उकडलेल्या बीटासारखे लाल.

कानात घालायला वायर देतात, त्यातून माहिती ऐकू येते. जर्मन होती, चिनी होती, आपली भाषा नव्हती. आईने वायर काढून माझ्या मांडीवर टाकली. "तूच सांग काय दिसतंय."

मी सांगायला लागले. तारांचा पूल आला, आगगाड्यांचे रूळ आले. प्रत्येक ठिकाणी ती मला मध्येच तोडायची. "तिथे नाही, त्याच्या मागे. तिथे एक पोर्तुगीज होता, त्याच्याकडून मका घ्यायचो." माहिती कोण कोणाला देत होतं कोण जाणे. जर्मन बाई कौतुकाने बघत होती. शेवटी तिने विचारलंच, तुम्ही ह्याच शहरातल्या का? मी म्हटलं, "नाही, चंद्रावरून आलो." तिला ते खरंच वाटलं असावं.

मग बस टेकडीवर चढली आणि जुन्या तुरुंगापाशी थांबली. आता तिथे तिकीट काढून आत जातात, बाहेर कॉफी मिळते. मी काही बोललेच नव्हते, तरी आईने मान वर केली. चढावरून कळलं असेल, नाहीतर वाऱ्यावरून. म्हणाली, "बायकांच्या तुरुंगापाशी आलो ना?"

"हो."

"इथे थोको पहिल्यांदा रांगली."

एवढंच. मला उतरायचं होतं, तिने उतरू दिलं नाही. म्हणाली, "एकदा राहिले, पुरे झालं."

तुला हे माहीत आहे ना गं? गुत्त्यांवरच्या तुझ्या त्या पुस्तकात लिहिलं असशील. आपल्याला घरी बिअर गाळायची बंदी, म्हणून पालिकेचे काळे डगलेवाले पोलीस पहाटे आले, सळयांनी अंगण खोदलं, पुरलेली पिंपं काढली, सगळी बिअर गटारात ओतली. आईला गाडीत घातलं, आणि तू अंगावर पिणारी म्हणून तुलाही तिच्या पाठीवर. मला नाही नेलं. मी मोठी होते ना, चौथीतली! बाबांचा डबा, चूल, पाणी, आणि आई सुटून आल्यावर पुन्हा पिंप पुरायला मदत. त्याच पिंपांतल्या बिअरवर तुझी शाळा झाली, तुझं कॉलेज झालं. त्याबद्दल मी तुला आजवर कधी बोलले नाही. आजही तो राग नाही. आजचा राग वेगळा आहे.

म्युझियमला उतरलो, ते जर्मन जोडपंही आमच्याबरोबर. आत थंडगार, चकचकीत. आम्हाला फिरवायला जो माणूस दिला त्याचं नाव मोथिबी. चाळिशीतला, पोट सुटलेलं, कंपनीचा सदरा. आधी इजिप्तचे बाहुले, डोळ्यांत काजळ घालून जव कुटत होते. मग दाढीवाले गोरे बाहुले. मग एक गवताची झोपडी, म्हणजे आपण. तिथे त्याने भोपळ्याच्या तुंब्यात ज्वारीची बिअर ओतली आणि सरळ त्या जर्मन माणसापुढे धरली. स्वतः घोट न घेता!

मी म्हटलं, "अरे ए, तू आधी पी."

"मावशी, मी कामावर आहे, चालत नाही."

"मग ह्यात काय घातलंयस?"

"काही नाही हो!"

"तेच दाखवायला पहिला घोट देणाऱ्याने घ्यायचा असतो. तुझ्या आईने शिकवलं नाही? का ती गोऱ्यांची बिअर प्यायची?"

आई खुदकन हसली. मोथिबीने इकडेतिकडे बघितलं, एक घोट घेतला आणि मिशी पुसली. जर्मन माणसाने टाळ्या वाजवल्या, त्याला वाटलं हा खेळाचाच भाग. मोथिबी हळूच म्हणाला, "मावशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मला हटकलं. आई गेल्यापासून पहिल्यांदा." माणूस वाईट नाही. त्याच्यावर मी उगाच ओरडले, ते ओरडणं तुझ्या वाट्याचं होतं. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

पुढची खोली म्हणजे गुत्ता. भिंतीला जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली, रेडिओ, बाकडी, आणि मध्ये एक बाईची बाहुली, एप्रन घातलेली, ट्रे घेऊन हसतेय. थोको, गुत्त्यावर आई कधी हसली होती? एक कान दाराकडे ठेवून जी बाई रात्र काढते ती कशाला हसेल? बाहुलीच्या मागून बाज्याचं संगीत चालू. ना काळा डगला, ना सळई, ना गटार. नुसती मजा.

जर्मन बाईने भिंतीवरचं एक बटण दाबलं.

आणि तू बोलायला लागलीस.

इंग्रजीत. तुझा तो वर्गात शिकवायचा आवाज. मला कळायला एक क्षण लागला. आईला नाही लागला. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. "थोको! सिझा, थोको आलीय!" आणि मोठ्याने हाक मारायला लागली, "थोको! इकडे ये गं, आम्ही इथे आहोत!" काठी सोडून हात पुढे करून ती त्या खोलीत तुला शोधत फिरली. बाकड्याला धडकली. त्या बाहुलीला धडकली, तिचे गाल चाचपले, आणि म्हणाली, "ही कोण? ही नाही."

तुझा आवाज थांबला. तो बाजा तेवढा वाजत होता.

मी तिला धरलं, म्हटलं, "आई, थोको नाही. नुसता आवाज आहे, भरून ठेवलेला, रेडिओसारखा."

"मग परत लाव."

परत लावलं. तेव्हा मी नीट ऐकलं. मॅडमच्या घरी इतकी वर्षं राबल्यावर इंग्रजी धड बोलता आलं नाही तरी कानाला कळतं. आणि ऐकता ऐकता मला ते दिसलं. बाहुलीच्या पायाशी, दोरीच्या पलीकडे, लाकडी ठोकळ्यावर.

आपलं मडकं.

काळं, चरबीने घासून चमकवलेलं, पोटावर उठावाचे दाणे, आणि त्यातला एक दाणा उडालेला. मी लहानपणी चुलीवर आपटून उडवला होता, त्याचा मार अजून आठवतो. तेच मडकं, जे तू "पुस्तकासाठी फोटो काढते" म्हणून नेलंस, आणि मग फोन केलास की विमानतळाच्या रस्त्यावर गाडीला धक्का बसला, मडकं फुटलं, तुकडे टाकून दिले.

फुटलं कुठे? अख्खं आहे! ना चीर, ना तडा. उघडं ठेवलंय, झाकण नाही, तोंड आ वासलेलं, आणि आत कोणीतरी चॉकलेटचा कागद टाकलेला.

आठ वर्षं, थोको. बाबांच्या आत्म्याला घरी आणायचा विधी त्याच मडक्यात होणार होता. ते गेल्याला वर्ष झालं होतं, बैल ठरवला होता, ज्वारीला मोड आणले होते. तू सांगितलंस मडकं फुटलं, आणि आई मटकन खाली बसली. म्हणाली, "तो घरी यायला नाही म्हणतोय." मरायच्या आधी दोघांचं भांडण झालं होतं ना, त्या भाच्याला घरात ठेवण्यावरून. तिने तेच धरून ठेवलं. फिलेमोन नवीन मडकं घेऊन आला तर तिने त्यात पीठ भरून ठेवलं. विधी केलाच नाही. आठ वर्षं ती घराच्या मागच्या भिंतीपाशी, वाडवडिलांच्या जागी बसून बाबांची माफी मागतेय. मलाही बोलायची, "मडकं देताना तू त्याला घोंगडी पातळ गुंडाळलीस." मी ऐकून घ्यायचे. माझ्या हातून फुटलं असं मलाही वाटायला लागलं होतं.

आता ऐक तिने काय केलं. मी तिचा हात धरून दोरीच्या आत नेला आणि मडक्यावर ठेवला. तिचा अंगठा फिरत फिरत गेला आणि त्या उडालेल्या दाण्याच्या जागी थांबला.

मोथिबी म्हणाला, "आजी, हात लावायची परवानगी—" मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. पुढचं त्याने गिळलं.

आईने चपला काढल्या. गुडघे टेकले. आत हात घालून तो चॉकलेटचा कागद काढला आणि माझ्याकडे दिला, घाण द्यावी तसा. मग डोक्याचा रुमाल सोडला. आपली आई, थोको, जिने दवाखान्यातसुद्धा डॉक्टरसमोर डोकं उघडं केलं नाही! सगळ्या परक्यांसमोर पांढरं डोकं उघडं करून तिने तो रुमाल मडक्यावर झाकला. आणि बाबांच्या कुळाची नावं घ्यायला लागली, एकेक करून, आजोबा-पणजोबांपर्यंत. जर्मन बाई फोटो काढायला गेली, तिच्या नवऱ्याने तिचा हात खाली केला. मी माझा रुमाल सोडून आईच्या डोक्याला बांधला.

मला वाटलं ती आता तुला शाप देईल. मी तर तयारच होते, शेजारी उभी राहून तीच वाक्यं म्हणायला.

ती उठली आणि हसत होती. तोंडभर. "फुटलं नाही गं. तो नाही म्हणत नव्हता. तो रागावला नव्हता."

तुझ्याबद्दल एक शब्द वाईट नाही. म्हणाली, "पोरीला गरज असेल. लाज वाटली असेल सांगायला. थोकोला काही बोलू नकोस." मी बोलत नाहीये. लिहितेय.

आता जे लिहायचं नाही म्हणून इतकी पानं फिरवली ते लिहिते.

निघताना आई म्हणाली, "अजून एकदा लाव." लावलं. डोळे मिटून, भिंतीला कान लावून ऐकत राहिली. मग विचारलं, "काय म्हणतेय ती?"

मला कळलं होतं तू काय म्हणतेस ते. मोथिबीला तर पाठच होतं. तू म्हणतेस, हे मडकं माझ्या दिवंगत आईचं. आई गेल्यावर तिच्या आठवणीसाठी मी ते ह्या म्युझियमला दिलं.

दिवंगत! आई जिवंत असती तर तिला विचारावं लागलं असतं, तिने दिलं नसतं, म्हणून मारून टाकलीस. किती सोपं! पाठीवर घेऊन जिने तुझ्याबरोबर तुरुंग काढला, ती बाई तुला बटणात मारावी लागली. आणि ती मेलेली बाई तिथेच उभी, भिंतीला कान लावून, तुझा आवाज प्रेमाने ऐकतेय.

मोथिबीचा चेहरा उतरला होता. मला हळूच म्हणाला, "मावशी, ह्या कोण?"

मी म्हटलं, "जी मेली ती."

आणि आईला म्हटलं, "ती म्हणतेय, माझ्या आईच्या हातच्या बिअरसारखी बिअर कुठेच नाही."

आई म्हणाली, "बघ. विसरली नाही."

तू माझ्याकडून हे करवून घेतलंस. आईला ह्या वयात मी खोटं सांगितलं, ते तुझ्या खोट्यावर पांघरूण घालायला. मडक्याचं मी एक वेळ सोडून देईन. हे नाही सोडणार. आता दर रविवारी चर्चनंतर ती विचारते, "त्या आवाजाकडे कधी जायचं?" पुढच्या वेळी शेजारी इंग्रजी कळणारी एखादी बडबडी बाई असली, तर काय करू? सांग. शिकलेली आहेस ना, सांग.

मी मडकं तिथूनच उचलणार होते. मोथिबी म्हणाला, दारावर पहारा आहे, आणि चोरून नेलेल्या मडक्यात तुमचे वाडवडील पितील का? ते मला पटलं. तो त्याच्या साहेबाकडे गेला, आला, म्हणाला, ज्यांनी दिलं त्यांनी स्वतः येऊन मागितलं तर देतील. दुसऱ्या कोणाला नाही. आईचा रुमाल त्याने काढू दिलेला नाही. साहेबाला सांगितलंय, असंच ठेवायची रीत आहे. तो आवाज मात्र तो बंद करू शकत नाही म्हणाला. तोही तुलाच बंद करायला लागेल.

म्हणून तू येणार आहेस. विचारत नाही, सांगतेय.

आईने गेल्या सोमवारी ज्वारी भिजवली. मी म्हटलं, मडकं अजून आलेलं नाही. ती म्हणाली, थोको आणेल. मोड आलेत, आता पत्र्यावर उन्हात वाळत घातलेत, कोंबड्या हाकलत मी इथे हे लिहितेय. वाळवलेली ज्वारी पोत्यात महिनोन् महिने टिकते. आई टिकेल का ते मला सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात दोनदा न्हाणीत पडली. ते तुला सांगायचं नाही असंही तिने सांगितलंय.

ये. त्या साहेबासमोर उभी राहा आणि म्हण, माझी आई जिवंत आहे, मी खोटं बोलले, मडकं परत द्या. मोथिबी ऐकायला असेल, मीही असेन. मग मडकं स्वतः छातीशी धरून घरी आण, गाडीत मागे टाकायचं नाही. आई बिअर करेल, मी ढवळेन. बाबांचा वाटा मागच्या भिंतीपाशी ठेवू. आणि मग आईपुढे तुंबा तू धरायचास. रीत तुला ठाऊक आहे. पहिला घोट देणाऱ्याचा.

तू तो घोट माझ्या डोळ्यांत बघून घ्यायचास. घशाखाली उतरला, तर त्यानंतर मी तुला एक शब्द बोलणार नाही. आणि त्या बटणात काय होतं ते आईला कधी कळणार नाही. माझ्याकडून तरी नाही.

मा-झुंगूची नात दारात उभी असेल. तिला चहा दे, पोरगी उपाशी असेल. आणि कधी येतेस ते तिच्यासमोर मला फोन करून सांग. आवाज तुटला तर परत लाव.

तुझ्या जिवंत आईची मोठी मुलगी,
सिझाकेले